नळी, लाकूड आणि नेम

नातेपुते हे नाव आमच्या वसईकर वाचकांनी बहुधा आषाढी वारीच्या बातम्यांतच वाचले असेल. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण आणि बरड मागे टाकून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम नातेपुत्याला पडतो. पश्चिमेच्या अंगाला शिखर शिंगणापूरचा डोंगर, उत्तरेला नीरा नदी, मध्ये माळशिरस तालुक्याचे पसरट माळरान. कालव्याचे पाणी आले आणि या माळाचा बराच भाग उसाखाली गेला. तरी कालव्याच्या वरच्या बाजूस अजूनही कुसळाचे गवत आणि बाभळी दिसतात. आम्ही तेथे गेलो ते जुन्या घरांतील कागदपत्रे पाहण्याच्या निमित्ताने. इनामाच्या सनदा पाहाव्यात हा हेतू होता. मात्र दोन दिवस आमचा मुक्काम रेंगाळला तो एका बंदुकीपाशी आणि तिच्यासोबत जपून ठेवलेल्या एका वहीपाशी.

यजमानांचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांचीही तशीच इच्छा आहे. त्यांचे वडील, ज्यांना घरात सारे ‘दादा’ म्हणत, परवानाधारक शिकारी होते. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यपशुपक्षी संरक्षण कायद्यान्वये शिकारीला परवाना लागे आणि दादा तो नियमाने घेत. विलायती बनावटीची .३१५ बोअरची त्यांची रायफल आजही घरात आहे, परवाना मुलाच्या नावावर आहे आणि निवडणुकीच्या दिवसांत ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा होते. वहीत दादांनी प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवला होता : तिथी, वारा, अंतर, कोठे नेम धरला, कोठे लागली. या वहीत १९५४ सालच्या चैत्रातील एक नोंद आहे. काळवीट, अंतर सुमारे दीडशे यार्ड, वारा नाही, नेम खांद्यामागे, गोळी पोटात. पुढे तीन ओळी आहेत. रक्ताचा माग संध्याकाळपर्यंत काढला, ओढ्यात हरवला, दुसऱ्या दिवशीही जनावर सापडले नाही. खाली दादांनी लिहिले आहे की दोष हाताचा की बंदुकीचा हे कळेपर्यंत पुन्हा गोळी झाडणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर त्यांना गावच्या सुताराने दिले. ते समजण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल आणि ती वाट आपल्या ओळखीच्या मुलखातून, म्हणजे गोव्यातून जाते.

बंदुकीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण नळीचा आणि चापाचा इतिहास लिहितात. लाकडाचा उल्लेख आला तर नक्षीकामापुरता. वास्तविक हातात येते ते लाकूड. खांद्याला किंवा गालाला टेकते ते लाकूड. आणि नळीला धरून ठेवते तेही लाकूडच. मराठीत त्याला दस्ता म्हणतात, क्वचित कुंदा. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले, तेव्हा आदिलशाही आमदानीत तेथे बंदुका घडवणारे कारागीर आधीपासूनच काम करीत होते. त्याने त्यांना हाकलले नाही, कामाला लावले. १५१३ च्या डिसेंबरात राजा मानुएलला धाडलेल्या पत्रात त्याने गोव्याच्या बंदुका बोहेमियातील बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे कळवले आणि नमुन्यादाखल एक कारागीरच लिस्बनला पाठवून दिला. बोहेमिया आणि जर्मन प्रदेश हे त्या काळी या धंद्याचे माहेरघर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिफारशीचे वजन कळते. गोव्यात जे घडले ते युरोपीय आणि देशी हातांच्या मिश्रणातून घडले.

त्या बंदुकांचा दस्ता आखूड असे. तो खांद्याला लावीत नसत, गालापाशी धरीत. १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि तेथील तरुण सरदाराने त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या. त्यांची तोड्याची कळ गोवा-मलाक्का परिसरात घडणाऱ्या बंदुकांसारखी होती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जपानी लोहारांनी त्या बंदुकांची नक्कल केली आणि पुढची तीनशे वर्षे तोच आखूड, गालाशी धरण्याचा दस्ता कायम ठेवला. युरोपात मात्र दारूचा भार वाढला, धक्का वाढला आणि दस्ता लांबून खांद्यावर आला. त्याचा आकार शेवटी माणसाच्या अंगाला किती धक्का सोसतो यावर ठरला आहे.

आपल्याकडील तोड्याच्या बंदुकीचा दस्ता निराळाच. सरळ, सडपातळ, टोकाशी किंचित रुंद. नळी त्यावर चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेच्या वेढ्यांनी आवळून बांधलेली. संग्रहालयात पाहणाऱ्याला ती ओबडधोबड जोडणी वाटते. आमचे मत तसे नाही. चामडे ओले करून बांधले की वाळताना आवळते, नळी लाकडावर सर्वत्र सारखी बसते आणि सैल पडली तर कोणीही शिपाई मुक्कामावर ती पुन्हा बांधू शकतो. नळीच्या आत पीळदार खाचा नसल्याने गोळी तशीही फार दूर नेमकी जात नसे. लाकडाने नेम बिघडवावा इतका नेम मुळात नव्हताच.

महादजी शिंद्यांच्या चाकरीत १७८४ साली आलेल्या बेन्वा द ब्वान्यने, सव्हॉय प्रांतातील शांबेरीच्या या सेनानीने, आग्र्याला तोफा आणि बंदुकांचे कारखाने उभे केले. सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस ते पाहत असे आणि तेथील चकमकीची बंदूक दहा रुपयांच्या आसपास पडे, असे नोंदलेले आहे. कवायती पलटणीला सारख्या मापाच्या बंदुका लागतात, तेव्हा वाद्यांचे वेढे जाऊन कोरून घडवलेला, नळीला आपल्या कुशीत घेणारा दस्ता आला. मराठी फौजेतील हा बदल पुष्कळांनी वर्णिला आहे. सुतारकामाच्या दृष्टीने तो किती मोठा होता याकडे मात्र लक्ष गेलेले नाही. बांधलेल्या नळीला लाकूड फक्त टेकू देते. कोरलेल्या खोबणीत बसवलेल्या नळीला लाकूड चारी बाजूंनी शिवते आणि जे शिवते ते ढकलूही शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीळदार खाचांची नळी आणि पितळी काडतूस सर्वत्र झाले. आता शंभर-दोनशे यार्डांवर नेमके मारता येऊ लागले आणि लाकडाचे दोष उघडे पडले. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते. ही थरथर प्रत्येक वेळी सारखीच झाली, तर गोळ्याही एकाच ठिकाणी जातात. परंतु लाकूड एका बाजूने नळीला टेकले असेल, तर थरथर बदलते. आज टेकले आणि उद्या सुटले, तर रोज निराळी होते. हिशेब सोपा आहे. नळी चोवीस इंच लांब असेल आणि तिचे तोंड इंचाच्या दीडशेव्या भागाने, म्हणजे कागदाच्या दीड-दोन पानांच्या जाडीइतके हलले, तर शंभर यार्डांवर गोळी एक इंच बाजूला पडते. दीडशे यार्डांवर दीड इंच. चार पाने हलली तर हृदयाच्या जागी पोट लागायला तेवढे पुरते.

लाकूड का हलते हे सुताराला सांगावे लागत नाही. ते हवेतील ओल शोषते आणि सोडते. लांबीत त्याचा फरक नगण्य असतो. ओल्या लाकडापासून पूर्ण वाळेपर्यंत हजारी दोन भागही नाही. आडव्या अंगाने मात्र अक्रोडासारखे गुणी लाकूडही पाच ते आठ टक्के आटते. घडवण्यापूर्वी लाकूड मुरवलेले असते, त्यामुळे पुढे एवढा फरक पडत नाही, पण पडतो. वसईला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नातेपुत्याला पाचशेच्या आसपास. ज्या घरात श्रावणात दार लागत नाही आणि वैशाखात त्याच दाराच्या फटीतून बोट जाते, त्या घरात बंदुकीचा दस्ता स्वस्थ कसा राहील?

म्हणून लाकडाची निवड. युरोपने अक्रोड पसंत केला आणि हिंदुस्थानात काश्मीरचा अक्रोड कामी आला. तो धक्क्याने सहसा फुटत नाही, वजनाला बेताचा, पटाशीखाली लोण्यासारखा कापला जातो आणि एकदा मुरला की फार वाकत नाही. शिसव दिसायला देखणे आणि कणखर, पण जड. दिवसभर खांद्यावर वाहणाऱ्याला ते नकोसे होते. सागाला तेल असते, तो पाण्याला दाद देत नाही, पण मनगटापाशी, जेथे दस्ता सर्वांत बारीक असतो, तेथे चिरण्याचे भय. जाणते कारागीर जातीपेक्षा रेषा अधिक पाहत. मनगटातून रेषा सरळ लांबीने गेल्या पाहिजेत. मागच्या फळीवर हवी तेवढी नागमोडी नक्षी असो, नळीखालच्या भागात मात्र नको, कारण नक्षीदार लाकूड ओल बदलताच पिळते. गिऱ्हाईक नक्षीला भुलून पैसे मोजते, हे निराळे.

सरकारी रायफलीचा दस्ता हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. ली-एनफिल्ड जातीच्या रायफलीत दस्ता दोन तुकड्यांचा : मागचा पोलादी खोबणीत बोल्टाने आवळलेला, पुढचा नळीखाली आडवा. गोळीचा सारा धक्का पुढच्या तुकड्यातील बोटभर रुंदीच्या दोन लाकडी खांद्यांवर येतो. ते खांदे दबले की पोलाद मागेपुढे सरकते आणि नेम गेला. कलकत्त्याजवळच्या ईशापूर कारखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून या रायफली घडवल्या. पुढे तेथील पुष्कळ रायफलींच्या पुढच्या तुकड्यात, काडतुसांच्या पेटीपुढे, एक आडवा स्क्रू दिसू लागला. लाकूड चिरू नये म्हणून घातलेला हा स्क्रू जगभरचे संग्राहक आज ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात अक्रोडाऐवजी मऊ देशी लाकूड वापरले, तेव्हा त्या खांद्यांवर तांब्याचे पत्रे बसवले. एकाच रोगावर दोन मुलखांनी दोन उपाय केले.

जर्मन माउझरच्या १८९८ च्या बांधणीत दस्ता एकसंध असतो आणि धक्का नळीच्या मुळाशी असलेला पोलादी ठोकळा घेतो. तो लाकडात नीट बसवला की काम भागते. म्हणून हौशी शिकाऱ्यांनी माउझर पसंत केली. जिम कॉर्बेटची १९०७ साली भेट मिळालेली .२७५ रिग्बी याच बांधणीची. मराठी मुलखातील साध्या परवानाधारकाच्या हाती मात्र बहुधा ली-एनफिल्ड धाटणीची .३१५ येई. सरकारी .३०३ काडतूस तिच्यात बसत नसे, म्हणूनच नागरिकांना ती मिळे. तिची काडतुसे पुढे आपल्या पुण्याजवळ, १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही होऊ लागली.

आता वहीकडे वळू. दादांनी रायफल घेतली ती मुंबईत, भाद्रपदात, आणि नेमही तेथेच तपासला. नातेपुत्याला पौषापर्यंत ठीक चालले. चैत्रात ते काळवीट. नंतर त्यांनी मातीच्या बांधावर कागद लावून शंभर यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या. साऱ्या उजवीकडे, चार बोटे ते वीतभर. माशी घासावी म्हणून ते सुताराकडे गेले. सुतारमामांनी बंदूक आयुष्यात हाताळली नव्हती. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि म्हणाले, “दादा, लोखंड कशापायी घासताय? लाकूड आटलंय. डाव्या अंगानं नळीला रेटतंय बघा.” वहीत हे शब्द जसेच्या तसे आहेत. मग त्यांनी विडीच्या बंडलाचा पातळ कागद नळी आणि लाकूड यांमधून ओढून पाहिला. उजवीकडून तो सरकला, डावीकडे टोकापासून चार बोटांवर अडला.

पुढचे काम तीन दिवस चालले. समईवर धरलेले काजळ तेलात कालवून नळीच्या आणि पोलादाच्या तळाला बोटाने पातळ लावले, नळी खोबणीत बसवून स्क्रू आवळले, पुन्हा उघडले. लाकडावर जेथे काजळ उमटले तेथे उंचवटा. तो फुटक्या काचेच्या धारेने खरवडला. पुन्हा काजळ, पुन्हा बसवणे, पुन्हा खरवडणे. विलायती शस्त्रकारही हेच करीत. तेही दिव्याची काजळी वापरीत. सुतारमामांना हे कोणी शिकवले नव्हते. जात्याची पाळी आणि गाडीच्या तुंब्यातील आरे ते याच रीतीने बसवीत असत. मुळाशी, म्हणजे पोलादाखाली, सर्वत्र सारखे काजळ उमटेपर्यंत ते थांबले नाहीत. पुढे नळीभोवती मात्र त्यांनी एक कागद सहज फिरेल एवढी फट ठेवली.

धक्का घेणारे ते दोन खांदे त्यांना शेवटी दिसले. तेल मुरून लाकूड तेथे काळे आणि मऊ झाले होते, नखाने दबत होते. ते त्यांनी पटाशीने चौकोनी कापून काढले आणि जुन्या बैलगाडीच्या आऱ्यातून, म्हणजे कित्येक उन्हाळे खाल्लेल्या बाभळीतून, दोन तुकडे उभ्या रेषेने घडवून सरसाने बसवले. अक्रोडात बाभूळ! कोणत्याही लंडनच्या दुकानदाराने नाक मुरडले असते. शेवटी आतूनबाहेरून जवसाचे तेल. दादा म्हणत होते बाहेरून लावा, आत कोण पाहतो. मामांनी आतच अधिक लावले, कारण ओल आतूनही शिरते.

आठ दिवसांनी त्याच बांधावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही चार बोटांत, मधोमध. श्रावणात पुन्हा पाच, जागा तीच. पुढच्या चैत्रात पुन्हा, जागा तीच. वहीत यानंतरच्या अठरा वर्षांत जखमी होऊन निसटलेल्या जनावराची एकही नोंद नाही. एक नोंद अशी मात्र आहे : अंतर दोनशेच्या वर, गोळी झाडली नाही. अशा नोंदी नंतर वाढत गेल्या आहेत. बंदूक सुधारल्यावर माणूस अधिक दुरून मारू लागतो, असा आमचा समज होता. दादांच्या बाबतीत उलटे झाले. कदाचित आता निमित्ताला बंदूक उरली नव्हती.

नळी मोकळी ठेवावी की पुढे टोकाशी लाकडाचा हलका दाब द्यावा, हा शस्त्रकारांमधील जुना वाद आहे. ली-एनफिल्डच्या लष्करी नमुन्यात तर टोकापाशी नळीला वर रेटणारी छोटी स्प्रिंगच असे. बारीक नळीला असा दाब कधीकधी मानवतो, हे खरे. पण दाब लाकडाने द्यायचा आणि लाकूड ऋतूगणिक बदलायचे, अशा स्थितीत आपल्या हवेत मोकळी नळीच बरी, या मताचे आम्ही आहोत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी कारागिरांनी काचतंतू मिसळलेल्या इपॉक्सीने पोलादाखालची जागा ओतून भरण्याची रीत रूढ केली. काजळाचे तीन दिवसांचे काम एका रात्रीत होऊ लागले. पुढे स्क्रूंभोवती धातूच्या नळकांड्या आल्या आणि सबंध दस्तेच काचतंतूंचे झाले. पाऊस-ऊन त्यांना सारखेच. मात्र लाकडी दस्त्याच्या मनगटात चीर असेल किंवा स्क्रू सैल असतील, तर इपॉक्सीने काही साधत नाही. आधी ते पाहावे लागते. ऑलिम्पिकच्या रायफलींत तर लाकूड जवळजवळ दिसेनासे झाले आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ज्या प्रकारात खेळतो, तेथे बहुतेकांचे दस्ते ॲल्युमिनियमचे आणि अंगच्या मापाने स्क्रूवर हलवता येणारे असतात.

शिकारीची रायफल आपल्या देशात मूक झाली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. १९९१ च्या दुरुस्तीने उरल्यासुरल्या परवानगीच्या शिकारीही बंद झाल्या. या माळरानांना त्याची नितांत गरज होती. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत शेजारच्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. त्याच्या बंदुकीचा नेम उत्तम असावा. १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्या पक्ष्यांची मोजदाद हाताच्या बोटांवर येऊ लागली होती. अचूक नेम एका जनावराच्या यातना वाचवतो. साऱ्या जातीला तो वाचवू शकत नाही, त्यासाठी कायदाच लागला. दादांनी १९७२ नंतर वहीत परवान्याच्या नूतनीकरणाखेरीज काही लिहिलेले नाही.

यजमानांचा मुलगा पुण्याला नोकरीस आहे. त्याला परवान्याची यातायात नको आहे आणि बंदूक सरकारजमा करावी असे त्याचे म्हणणे आहे. यजमानांना ते पटतेही आणि पटत नाहीही. आम्ही निघण्यापूर्वी त्यांनी रायफल खाली काढली, रिकामी असल्याची खात्री करून बाजेवर ठेवली आणि आम्हाला पुढचा तुकडा उघडून दाखवला. बाभळीचे ते दोन तुकडे तांबूस, अजून कोरडे आणि टणक होते. नख लागत नव्हते. आमच्या एस.टी.च्या तिकिटाचा कागद नळीखालून टोकापासून मुळापर्यंत विनाअडथळा गेला.

सुतारमामांचे नाव वहीत नाही. खर्चाच्या पानावर एवढेच आहे : बंदुकीची बैठक, सुतार, तीन दिवस, सव्वापाच रुपये, जवस अर्धा शेर, काजळ घरचे.